बायांचे पुराण

मराठीत ‘पुराण’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना खेटून राहतात. देवळाच्या सभामंडपात पोथी पुढ्यात ठेवून पुराणिकबुवा जे सांगतात आणि ज्याच्या श्रवणाने पुण्य लाभते असे मानले जाते ते एक पुराण. आणि घरातले वृद्ध माणूस आपल्या आयुष्यातल्या त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगू लागले की धाकटी मंडळी एकमेकांकडे पाहून ‘झाले सुरू’ असे ज्याबद्दल म्हणतात ते दुसरे. आनंदीबाई कर्वे यांच्या आठवणी १९४४ मध्ये त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांना दिलेल्या ‘माझे पुराण’ या नावात हे दोन्ही अर्थ होते, आणि त्यांपैकी दुसरा अर्थ सांगणारीने स्वतःवरच केलेल्या विनोदासारखा वाटतो. पंचाहत्तरी उलटलेल्या, महाराष्ट्रात ‘बाया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, महर्षी धोंडो केशव तथा अण्णा कर्वे यांच्या पत्नी असलेल्या आणि चार मुलगे वाढवून आजी झालेल्या या बाईने आपल्या बोलण्याला आत्मचरित्र वगैरे भारदस्त नाव न देता पुराण म्हणावे, यात तिच्या स्वभावाचा बराचसा भाग आलेला आहे.

त्याआधी मराठीत थोर पुरुषांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणींची एक परंपरा तयार झाली होती. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये आले आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ मध्ये. रमाबाईंच्या पुस्तकाच्या नावात ‘आमच्या’ हा शब्द आहे आणि पुस्तकाच्या मध्यभागी त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे आहेत, ते त्या काळाच्या रीतीला धरून होते. बायांच्या पुस्तकाच्या नावात ‘माझे’ आहे, आणि हा फरक केवळ सर्वनामाचा नाही, कारण अण्णा कर्वे यांच्या कार्याकडे हे पुस्तक व्यासपीठासमोर बसून पाहत नाही, ज्या घरातून त्या कार्याचा खर्च निघत होता त्या घराच्या माजघरातून, म्हणजे स्वयंपाकघर आणि ओसरी यांमधल्या बायकांच्या खोलीतून, पाहते.

बायांचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. जन्म साधारण १८६५ चा आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख. बालवयात लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले, ही त्या काळच्या कोकणस्थ ब्राह्मण घरांत विरळा नसलेली घटना होती, पण तिचे परिणाम आयुष्यभराचे असत. ‘सोवळी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा विधवेचे केशवपन, म्हणजे डोक्यावरचे सगळे केस न्हाव्याकडून उतरवण्याचा विधी, केले जाई. तिच्या अंगावर एकरंगी लुगडे, ताटात एकवेळचे जेवण आणि वाट्याला घरातले सर्वांत कष्टाचे काम येई. अशा बाईचा दर्जा घरात विचित्र असे: मंगलकार्यात तिचे तोंड पाहायचे नाही, पण त्याच मंगलकार्याचा स्वयंपाक, दळण आणि पाणी तिच्याशिवाय व्हायचे नाही. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध ठरवला होता, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पूर्वपतीच्या मालमत्तेवरील पोटगीसह सगळा हक्क त्याच कायद्यानुसार संपत असे, त्यामुळे कायद्याने उघडलेल्या दारातून बाहेर पडणाऱ्या बाईला रिकाम्या हातांनीच बाहेर पडावे लागे.

गोदूबाईंच्या बाबतीत बाहेर पडण्याची वाट भावामुळे सापडली. नरहरपंत जोशी हे मुंबईत शिकत असताना कर्व्यांचे स्नेही होते, आणि पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ ही विधवांसाठीची निवासी शाळा उघडली तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे नरहरपंतांची ही बहीण. विशी ओलांडलेल्या, तोपर्यंत केवळ कष्टाची सवय असलेल्या बाईने पाटी हातात घेऊन मुळाक्षरांपासून सुरुवात करणे किती कठीण असते याची कल्पना नंतरच्या काळातील प्रौढ शिक्षणाच्या वर्गांवरून करता येईल. पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेले. १८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पुण्यात आले, आणि त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा निश्चय त्यांनी केला होता. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदा सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या तारखेला, गोदूबाई आनंदीबाई कर्वे झाल्या. (तारखांचा हा योगायोग आहे, त्यात कोणी काही शोधू नये.)

या विवाहाची किंमत काय पडली हे सर्वांना ठाऊक आहे, पण ती कोणी कशी भरली याकडे सहसा लक्ष जात नाही. कर्व्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील मुरूड. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि आईच्या घरीही त्यांना मोकळेपणाने जाता येईना. पुरुषाचा बहिष्कार मुख्यतः पंक्तीचा आणि सभेचा असतो, आणि कर्व्यांना महाविद्यालय, विद्यार्थी आणि सुधारक मित्र यांची दुसरी पंगत उपलब्ध होती. बाईचा बहिष्कार मात्र विहिरीवर, हळदीकुंकवाला आणि बाळंतपणात जाणवतो, कारण शेजारणीची मदत हेच त्या काळच्या संसाराचे मुख्य भांडवल असे. पुण्यात घर मिळण्यापासून मोलकरीण टिकण्यापर्यंत साध्या साध्या गोष्टी पुनर्विवाहित जोडप्यांना अवघड जात, आणि त्यांपैकी बहुतेक घरातल्या बाईच्या खात्यावर पडत.

संसारात पहिल्याच दिवसापासून एक अकरा वर्षांचा मुलगा होता. रघुनाथ हा राधाबाईंचा मुलगा, १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आलेला आणि पुढे १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारा र. धों. कर्वे. त्यानंतर शंकर, दिनकर आणि भास्कर ही बायांची स्वतःची मुले झाली. या चौघांशिवाय घरात जवळपास नेहमीच आणखी कोणीतरी असे: आश्रय मागायला आलेली विधवा, शिक्षणासाठी ठेवलेला कोकणातला नातलग मुलगा, कोणाचे तरी अनाथ मूल. फर्ग्युसनच्या आजीव सभासदाला, म्हणजे अत्यल्प वेतनावर ठरावीक वर्षे संस्थेला वाहून घेतलेल्या प्राध्यापकाला, आरंभी दरमहा पाऊणशे रुपयांच्या घरात वेतन मिळे, आणि ते पूर्ण घरी येत नसे.

ते कुठे जात असे, हाच या कहाणीचा गाभा आहे. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. ‘अनाथ बालिका’ या शब्दांनी तेव्हा तरुण विधवा सूचित होत. त्यांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणे हा हेतू होता. निधीची सुरुवात कर्व्यांनी स्वतःपासून केली: जमवलेले एक हजार रुपये दिले, आणि पुढे कुटुंबासाठी उतरवलेली पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे केली. कर्व्यांच्या प्रत्येक चरित्रात हा प्रसंग त्यागाचे शिखर म्हणून येतो आणि तसा तो आहेही. पण आयुर्विमा ही माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोमुलांना मिळायची रक्कम असते, विमा उतरवणाऱ्याला स्वतःला तिचा काहीच उपयोग नसतो. त्यामुळे हिशेबाच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर ती देणगी धोंडोपंतांची नव्हतीच, ती आनंदीबाईंची आणि मुलांची होती, आणि देणाऱ्यांच्या यादीत त्यांची नावे नव्हती. बायांनी हे निमूट सोसले नाही. एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला नवऱ्यामागे काय उरते याचा अनुभव पुस्तकातून घ्यावा लागत नाही, आणि आपल्या पोरांनी काय खायचे हा त्यांचा प्रश्न संस्थेला विरोध करणारा नसून व्यवहाराला धरून होता.

त्याहून वेधक विसंगती आश्रमाच्या नियमांत होती. विधवांचे शिक्षण ही गोष्ट सनातनी पालकांच्या गळी उतरवायची तर पुनर्विवाहाच्या चळवळीपासून ती कटाक्षाने वेगळी ठेवणे कर्व्यांना आवश्यक वाटले, नाहीतर मुलीला आश्रमात पाठवणे म्हणजे तिचे दुसरे लग्न लावणे असा समज होऊन एकही मुलगी आली नसती. धोरण म्हणून हे शहाणपणाचे होते, आणि आश्रम वाढला तो त्यामुळेच. पण त्याचा अर्थ असा झाला की संस्थापकाची पत्नी, जी स्वतः विधवा होती आणि विधवांच्या शाळेत शिकली होती, तिला पुनर्विवाहित असल्यामुळे आश्रमाच्या अंगणात बेतानेच यावे लागे. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी आश्रमाला पुण्याजवळ हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, १९०० मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली, आणि कर्वे दिवसभर महाविद्यालयात शिकवून चारेक मैलांची पायपीट करत रोज हिंगण्याला जाऊ लागले. त्या पायपिटीचे वर्णन शाळकरी मुलांच्या धड्यांतून येत राहिले आहे. पुण्यातल्या घरात मागे राहिलेली बाई तेवढ्या काळात काय करत होती, त्याचा धडा झाला नाही.

ती काय करत होती याचे एक उत्तर सुईणपण हे आहे. नवऱ्याच्या वेतनावर संसार चालणार नाही आणि त्याच्या मागे काही उरणारही नाही हे कळून चुकल्यावर बायांनी काही काळ नागपूरला राहून सुईणीच्या कामाचे रीतसर शिक्षण घेतले. आज हा निर्णय सहज वाटेल. तेव्हा तो तसा नव्हता. बाळंतपणाशी सोयर, म्हणजे जननामुळे येणारे अशौच, जोडलेले असल्यामुळे नाळ कापणे, रक्ताळलेले कपडे हाताळणे ही कामे ब्राह्मण बाईची मानली जात नसत, आणि सुईण बहुधा खालच्या मानलेल्या जातींतली असे. १८८५ मध्ये सुरू झालेल्या डफरिन फंडामुळे देशात स्त्रियांसाठी दवाखाने आणि सुईणींचे वर्ग निघू लागले होते, पण वरच्या जातींतल्या बायका त्यांत शिकण्यासाठी सहज येत नव्हत्या. बायांची परिस्थिती वेगळी होती: पुनर्विवाहामुळे सोवळ्याओवळ्याच्या व्यवस्थेने त्यांना आधीच बाहेर टाकले होते, आणि बाहेर टाकलेल्या माणसाला विटाळाची भीती घालता येत नाही. बहिष्काराने दिलेल्या या एकुलत्या एका सवलतीचा त्यांनी पोट भरण्यासाठी उपयोग करून घेतला.

या कामाचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. सुईणीचे बोलावणे वेळ पाहून येत नाही. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस दाराशी उभा राहिला की निघावे लागते, आणि बाळंतीण मोकळी होईपर्यंत किती तास जातील ते सांगता येत नाही. त्यानंतर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणे, तेल लावणे, शेक-शेगडी आणि बाराव्या दिवसापर्यंतची देखरेख हे सगळे त्याच कामात मोडे. स्वतःच्या घरी लहान मुले, तापलेली चूल आणि नवऱ्याचा हिंगण्याहून परतण्याचा अनिश्चित वेळ हे सांभाळून मिळवलेला हा पैसा संसाराला लागे. अण्णांच्या पगाराचा मोठा वाटा समाजाकडे गेला असे म्हणताना, त्यामुळे घरात पडलेले खिंडार कोणाच्या मजुरीने बुजवले जात होते हेही त्याच वाक्यात सांगितले गेले पाहिजे.

पुढे आश्रमातला दुरावा ओसरला, आणि बाया संस्थेसाठी वर्गणी जमवू लागल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा बालविधवा. ती आश्रमात शिकली, आश्रमाची कार्यकर्ती झाली आणि १९१८ मध्ये इंग्रजीचे पुरेसे बळ नसताना अमेरिकेला गेली. तिचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ चे आहे. देवरूखच्या एका घरातल्या दोन विधवा बहिणींनी दोन वेगळ्या वाटा धरल्या, थोरलीने पुन्हा लग्न करून संसार केला, धाकटीने विधवाच राहून संस्थेला वाहून घेतले, आणि संस्थेच्या दृष्टीने धाकटी आतली आणि थोरली कितीतरी वर्षे बाहेरची ठरली. वर्गणी मागण्याचे कौशल्य मात्र दोघींतही होते. कर्व्यांच्या आवाहनाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्यासारख्या दात्याने महिला विद्यापीठासाठी पंधरा लाखांचे वचन दिले. बायांची वर्गणी रुपया-दोन रुपयांची, ओळखीपाळखीच्या घरांतली, बहुधा बायकांच्या गाठीची असे. पहिल्या प्रकारच्या देणगीने विद्यापीठाला नाव मिळाले, दुसऱ्या प्रकारच्या देणगीची पावतीसुद्धा जपून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नसावी.

मुलगे मोठे झाले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकर रसायनशास्त्र शिकून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्कर आणि कावेरी यांनी हिंगण्याच्या संस्थेत काम केले. दिनकरांनी १९२६ मध्ये इरावती करमरकर यांच्याशी विवाह केला. इरावतींनी पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जावे या विचाराला स्त्रीशिक्षणाचे महर्षी असलेल्या सासऱ्यांचाच पाठिंबा नव्हता, आणि नवऱ्याच्या आग्रहामुळे त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या व मानववंशशास्त्रज्ञ होऊन परत आल्या, हे या घराण्याच्या इतिहासातले एक तिरकस पान आहे. संस्था आणि घर यांना अण्णा दोन वेगळी मापे लावत, याचा अनुभव बायांना आधीच होता.

बायांपासून पुढे त्या घराने केलेला प्रवास मात्र थक्क करणारा आहे. सासूचे लहानपणीच वैधव्य आणि मग वपन. सून इरावती कुंकू-मंगळसूत्राविना वावरणारी, नवऱ्याला नावाने हाक मारणारी आणि पुढे पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवणारी. आणि जाई निंबकर व गौरी देशपांडे या दोन नाती लेखिका, ज्यांच्यापैकी १९४२ मध्ये जन्मलेल्या गौरीने स्त्रीच्या स्वातंत्र्याबद्दल आणि एकटेपणाबद्दल मराठी कथेत तोवर न बोललेल्या गोष्टी बोलल्या. हे अंतर शंभर वर्षांचेही नाही. आजी आणि नात यांच्यामध्ये एवढे अंतर पडावे म्हणून जे व्हावे लागते, त्याचा एक हिस्सा परिषदांत आणि ठरावांत झाला हे खरे, पण दुसरा हिस्सा आपल्या घरातील सुनांना आपल्यासारखे राहायला न लावणाऱ्या सासवांनीच केलेला असतो, आणि केशवपन सोसलेल्या बाईने सुनेच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून काय म्हणावे याचा कुठलाच वस्तुपाठ त्या पिढीजवळ नव्हता.

१९५० मध्ये बाया वारल्या. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा त्या ते पाहायला नव्हत्या. वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ हे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातले नानासाहेब भानू आणि बयो यांच्यामागे अण्णा आणि बाया आहेत हे प्रेक्षकांनी लगेच ओळखले, आणि श्रीराम लागू यांच्या नानासाहेबांइतकीच शांता जोग यांची कोकणी ठसक्याची बयो लोकांच्या लक्षात राहिली. बायांना घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय या नाटकाला द्यायलाच हवे. मात्र ‘सावली’ हा शब्द सुंदर असला तरी तो नेमका नाही. सावली हिमालयाची असते, तिला स्वतःचे वजन नसते, ती हिमालयाच्या आधाराने पडते. कर्व्यांच्या घरात आधार घेण्याचा क्रम पुष्कळदा उलटा होता. हिंगण्याची संस्था आज ‘बाया कर्वे’ यांच्या नावाने पुरस्कार देते, आणि तो स्त्रियांच्या कामासाठी दिला जातो, सहधर्मचारिणी असण्यासाठी नव्हे, हे अधिक योग्य झाले आहे.

समर्पित आई, कष्टाळू आजी असे शब्द मराठी मृत्युलेखांत इतके सैल झाले आहेत की त्यांखाली कोणाचेही आयुष्य मावते. बायांच्या पुराणाचे मोल असे की त्यात समर्पणाबरोबर कुरकुर आहे, हिशेब आहे, नवऱ्याचा अभिमान आणि नवऱ्यावरचा राग एकाच दमात आहेत, आणि कावेरीबाईंनी संपादन करताना हे गुळगुळीत केलेले नाही. सासूचे बोलणे सुनेने कागदावर आणायचे म्हणजे तिखट शब्द वगळण्याचा मोह दोन्हीकडून होऊ शकतो. इथे तो आवरला गेला.

पुस्तकाचा पुढचा प्रवासही घरातल्या घरातच झाला. अण्णांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, दिनकर कर्व्यांनी महाराष्ट्रातील पाच कुटुंबांच्या आत्मकथनांतून निवडलेले भाग इंग्रजीत अनुवादून ‘द न्यू ब्राह्मन्स’ या नावाने अमेरिकेत प्रसिद्ध केले, आणि त्यात आईचे पुराणही घेतले. त्याच संग्रहात इरावतींचा सासऱ्यांवरचा लेख आहे. त्यात त्यांनी अण्णांविषयी अपार आदर व्यक्त केला आहे, आणि त्यांच्या पत्नीच्या जागी आपण नव्हतो याबद्दलचा सुटकेचा निःश्वासही लपवलेला नाही. ती जागा कशी होती हे वाचकाला त्याच पुस्तकात, थोडी पाने अलीकडे, तिथे सत्तावन्न वर्षे काढलेल्या बाईच्या तोंडून वाचता येते.